न लिहिलेले तास

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळच्या मिस्साला आलेला एक तरुण प्रवचन सुरू असतानाच उठून बाहेर गेला. मिस्सा संपल्यावर आम्ही बाहेर आलो, तेव्हा तो चर्चच्या आवारात आपल्या मोटारीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याची पत्नी मुलाला कडेवर घेऊन छत्रीखाली उभी होती. आमच्यातील एका ज्येष्ठ बाईंनी त्याला प्रेमाने, पण जरा टोचूनच विचारले, "काय रे बाळा, देवाला दिलेला एक तासही ऑफिसला द्यायचा का?" तो ओशाळला. म्हणाला, "मावशी, कॉल होता. घेतला नसता तर उद्या सगळ्यांसमोर माझेच नाव निघाले असते."

आजकालच्या मुलांना देवाचे भय उरले नाही, असे म्हणून आम्ही आपापल्या घरी गेलो असतो. पण त्याच संध्याकाळी आमच्या प्रार्थनागटाची बैठक होती. वाकड, थेरगाव, मारुंजी या भागांत राहणारी आमची दहा-बारा कुटुंबे. बहुतेक घरांतून कोणी ना कोणी हिंजवडीला कामाला जाते. तो तरुणही आला होता. सकाळचा विषय निघाला आणि नेहमी प्रार्थनेनंतर चहा घेऊन उठणारी मंडळी त्या दिवशी रात्री दहापर्यंत बसून राहिली. त्या बैठकीत जे ऐकले आणि त्यानंतर आम्ही आपापसात जो विचार केला, तो या पानावर मांडत आहोत.

आधी एक गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. तीसएक वर्षांपूर्वी हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील शेतीचे गाव होते. म्हातोबाची यात्रा आणि बगाड ही त्याची ओळख. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले आणि टप्पा एक, दोन, तीन असे ते डोंगराच्या दिशेने वाढत गेले. या पार्कने आमच्या घरांचे भले केले आहे. खेड्यातून आलेल्या, आईवडिलांनी कर्ज काढून शिकवलेल्या मुलामुलींना तेथे जात-धर्म न विचारता काम मिळाले. आमच्या मुलींना स्वतःच्या पायावर उभे राहता आले. म्हणून हा लेख कोणत्याही कंपनीविरुद्धची तक्रार नाही. चांगल्या कंपन्या आहेत, माणुसकी जपणारे साहेबही आहेत. पण जे दुखते ते दुखते असे म्हणायला हवे.

त्या संध्याकाळी मंडळी काय बोलली? एका मुलीने सांगितले की तिचे काम अमेरिकेतील ग्राहकासाठी असते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे ग्राहकाचा दिवस सुरू होतो तेव्हा तिचा संपायला हवा. पण पुण्यातील साहेबाला ती सकाळी साडेनऊला जागेवर हवी असते आणि ग्राहकाला रात्री अकरापर्यंत. दोघांपैकी कोणीही तिला वाईट वागवत नाही. फक्त तिचा दिवस किती तासांचा झाला, हे कोणी मोजत नाही.

दुसऱ्याने सांगितले की वडिलांच्या ऑपरेशनसाठी त्याने तीन दिवसांची रजा मागितली. रजा मंजूर झाली. पण टीमच्या व्हॉट्सॲप गटावर साहेबांनी लिहिले की काही जणांना घरच्या अडचणी नेमक्या कामाच्या वेळीच येतात. खाली अकरा जणांनी हसण्याची चिन्हे टाकली. "मला साहेबांचे इतके लागले नाही," तो म्हणाला, "त्या अकरा जणांचे लागले. त्यांच्यातल्या दोघांना मी ओळखतो. ती वाईट माणसे नाहीत."

सर्वांत जड बोलणे मात्र एका टीम लीडचे होते. तो आमच्यातीलच, चाळिशीचा, शांत स्वभावाचा गृहस्थ. त्याच्या परवानगीने लिहीत आहोत. त्याच्या हाताखाली नऊ जण. वर्षाअखेरीस प्रत्येकाच्या कामाला श्रेणी द्यायची असते आणि वरून ठरलेले असते की इतक्या माणसांत निदान एक तरी सर्वांत खालच्या श्रेणीत दाखवलाच पाहिजे. नऊही जणांनी चांगले काम केले होते. "मग मी विचार केला," तो म्हणाला, "कोणाला दिले तर आवाज होणार नाही? एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली होती. गरीब स्वभावाची. मी तिचे नाव लिहिले. दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. जाताना माझे आभार मानून गेली."

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

या गोष्टी चार भिंतींतच राहत नाहीत. अधूनमधून त्या सगळ्या समाजासमोर येतात. 29 जानेवारी 2017 रोजी, रविवारी, हिंजवडीतील एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयात एकटीच काम करत असलेल्या तरुण अभियंता मुलीचा खून झाला. त्याबद्दल एका सुरक्षारक्षकाला अटक झाली. गुन्हा करणाऱ्याचा, पण ती मुलगी सुट्टीच्या दिवशी त्या मोठ्या इमारतीत एकटी का होती, हा प्रश्न तेव्हा अनेक आईबापांनी विचारला. जुलै 2024 मध्ये पुण्यातच, हिंजवडीबाहेरच्या एका हिशेबतपासणी क्षेत्रातील कार्यालयात नोकरीला लागून चारच महिने झालेली 26 वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट वारली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाने आपली मुलगी गेली, असे आईचे म्हणणे. कंपनीला ते मान्य नव्हते. खरे कारण देव जाणे; पण आपल्या लेकीच्या अंत्यविधीला कार्यालयातील कोणीही आले नाही, हे त्या माउलीने लिहिले, ते वाचून ज्याच्या घशात आवंढा आला नाही असा बाप आम्हाला भेटला नाही. आणि ऑगस्ट 2025 मध्ये हिंजवडीतल्याच एका कार्यालयाबाहेर पदपथावर झोपलेल्या कर्मचाऱ्याचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. पगार मिळाला नाही, असे तो म्हणत होता. न कळवता गैरहजर राहिल्याने पगार थांबवला होता, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच्या आदल्याच महिन्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जगभरातील आपले सुमारे 2 टक्के, म्हणजे 12,000 च्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले होते. अशा वातावरणात ज्याची नोकरी टिकली आहे तो तोंड कशाला उघडेल?

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. हे सारे करते कोण? बैठकीत आम्ही एकेकाला विचारत गेलो. मुलगी म्हणाली, लीड सांगतो. लीड म्हणाला, मॅनेजर सांगतो. मॅनेजर म्हणे वरचे सांगतात, वरचे म्हणे ग्राहकाची मागणी आहे, ग्राहक म्हणे बाजारात स्पर्धा आहे. म्हणजे अन्याय तर झाला, पण करणारा कोणीच नाही! प्रत्येकाचे हात स्वच्छ आणि तरी एक बाळंतीण नोकरी सोडून घरी बसलेली.

निर्गमाच्या पुस्तकातील पाचवा अध्याय आम्ही त्या रात्री पुन्हा काढला. मोशे फारोकडे जातो आणि मागतो काय? रानात जाऊन देवाचा सण करण्यासाठी तीन दिवस. फारो म्हणतो, ही माणसे आळशी झाली आहेत, म्हणून यांना रजा सुचते. आणि हुकूम सोडतो: विटांसाठी लागणारा पेंढा उद्यापासून मिळणार नाही, तो यांनीच गोळा करावा. विटांची संख्या मात्र तितकीच राहील. साधने कमी आणि उद्दिष्ट तेच. हा हुकूम हिंजवडीतील मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

पण त्या अध्यायात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे आमचे आजवर लक्ष गेले नव्हते. तो म्हणजे मुकादम. फारोचे अंमलदार मिसरी होते, पण त्यांच्या हाताखाली लोकांवर नेमलेले मुकादम इस्राएलीच होते. विटा कमी भरल्या तेव्हा मार कोणाला बसला? या मुकादमांना. त्यांना एक सोपा मार्ग होता. पाठीवर पडलेला प्रत्येक फटका ते खालच्या माणसाच्या पाठीवर उतरवू शकले असते. त्यांनी तसे केल्याचे पुस्तक सांगत नाही. उलट ते फारोपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की पेंढा तुम्ही देत नाही आणि दोष आम्हाला देता. त्यांचे गाऱ्हाणे ऐकले गेले नाही. परतल्यावर ते मोशेवरच चिडले. शूरवीर नव्हतेच ते. पण विटा कमी का पडतात, हे खरे कारण त्यांनी वर जाऊन सांगितले.

आपल्यापैकी फार थोडे फारो आहेत. बहुतेक सगळे मुकादमच आहेत. कोणाच्या तरी हाताखाली आणि कोणाच्या तरी डोक्यावर. म्हणून 'माझ्या हातात काय आहे?' हा प्रश्न आपण खरोखर उत्तर शोधण्यासाठी विचारला पाहिजे. विषय मिटवण्यासाठी नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1987 च्या आपल्या परिपत्रकात पापाच्या रचनांबद्दल लिहिले. अन्यायाच्या व्यवस्था आकाशातून पडत नाहीत. त्या माणसांच्या एकेका कृतीतून उभ्या राहतात आणि माणसांच्या गप्प बसण्याने पक्क्या होतात, असा त्यांच्या विचाराचा आशय आहे. मग हिंजवडीत ही वीट कोठे रचली जाते?

आमच्या मते टाइमशीटमध्ये. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अनेक कंपन्यांत प्रत्येकाला आठवड्याच्या शेवटी संगणकावर भरावे लागते, की कोणत्या कामाला किती तास दिले. त्या नोंदीवरून ग्राहकाला बिल जाते, किंवा पुढच्या कामाला किती माणसे लागतील याचा अंदाज बांधला जातो. आता समजा, एक काम सहा माणसांचे आहे. रोज नऊ तासांप्रमाणे 54 तास. माणसे दिली चारच. त्या चौघांनी रोज साडेतेरा तास बसून काम पुरे केले. पण टाइमशीटमध्ये चौघांनीही नऊ-नऊच तास लिहिले. कोणी लिहायला सांगितले म्हणून, कोणी आपण हळू काम करतो असे दिसू नये म्हणून, कोणी सगळेच लिहितात म्हणून. कागदावर आले 36 तास. उरलेले रोजचे 18 तास कोठे गेले? कागदापुरते ते घडलेच नाहीत. आणि पुढच्या वेळी तसेच काम आले की जुनी नोंद काढून साहेब म्हणतात, हे तर चौघांनी नऊ तासांत केले होते, या वेळी तिघांत बघा. या हिशेबात साहेब खोटे बोलत नाहीत. खोटे आपण आधीच लिहून दिले आहे.

ते 18 तास हवेतून आले नव्हते. ते एका मुलाच्या अभ्यासातून आले, एका म्हाताऱ्या आईच्या दवाखान्यातून आले, कोणाच्या झोपेतून आणि रविवारच्या मिस्सातून आले. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा पाठ केली, तेव्हा खोटी साक्ष म्हणजे कोर्टातील साक्ष असे आम्हाला वाटे. शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने भरलेला तो तक्ताही साक्षच आहे. आणि ती शेजाऱ्याविरुद्ध जाते. कारण मी नऊ लिहिले की शेजारच्या मेजावरचा खरे तास लिहू शकत नाही.

यावर काहींनी आक्षेप घेतले, ते रास्त होते. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "आम्ही काय कमी राबलो? कष्टाशिवाय घर उभे राहते का?" खरे आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे सुचवले, तेव्हा अनेक ज्येष्ठांनी मान डोलावली होती. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तर रविवारीही कर्मचाऱ्यांकडून काम करून घेता येत नाही याची खंत बोलून दाखवली. कष्टाला आमचा विरोध नाही. स्वतःच्या उमेदीने कोणी रात्र जागवली तर ती त्याची मिळकत. पण भीतीने जागलेली रात्र, जिची कोठे नोंद नाही, मोबदला नाही आणि जी नाकारण्याची सोय नाही, तिला कष्ट म्हणायचे की वेठ?

आणि रविवार हा केवळ आपल्या ख्रिस्ती लोकांचा हट्ट आहे असेही कोणी समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची सुट्टीच नव्हती. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि वर्षानुवर्षे ही मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार आहे आणि सहा दिवस धन्यासाठी राबल्यावर एक दिवस माणसाला समाजासाठी हवा, असे ते सांगत. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10,000 कामगारांची सभा झाली आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. त्यानंतर वर्षभरातच, 15 मे 1891 रोजी, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावरील आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. मुंबईचा सत्यशोधक आणि रोमचे पोप एकमेकांना ओळखतही नव्हते. तरी एकाच काळात दोघांना एकच गोष्ट दिसली. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदाव्यांनी हे नाव का घेतले, ते सांगताना याच परिपत्रकाची आठवण काढली आणि संगणकयुगातील, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळातील श्रमाची प्रतिष्ठा हा आजचा प्रश्न आहे असे म्हटले. गिरणीच्या भोंग्याऐवजी आता खिशातील फोन वाजतो. भोंगा निदान गिरणीतच राहत असे.

दुसरा आक्षेप एका तरुणीचा, आणि तो अधिक कठीण. "तुम्ही सांगता खरे लिहा, नाही म्हणा. माझ्यावर घराचे हप्ते आहेत, भावाचे शिक्षण आहे. उद्या मला काढले तर हप्ता प्रार्थनागट भरणार का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. विचार करता आम्हाला एवढे समजले, की खरे बोलण्याचे ओझे सर्वांवर सारखे नाही. ज्याच्या पाठीशी जास्त आहे त्याने आधी आणि जास्त बोलले पाहिजे. वीस वर्षे नोकरी झालेल्या, घर फिटलेल्या माणसाने गप्प बसायचे आणि परवा लागलेल्या पोरीकडून धैर्याची अपेक्षा करायची, हा न्याय नव्हे.

म्हणून ज्यांच्या हाताखाली दोन माणसे तरी आहेत, त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या टीमला सांगा की खरे तास लिहा, वर उत्तर मी देईन. रविवारी आणि रात्री फोन करण्यापूर्वी स्वतःला विचारा, हे सोमवारी चालणार नाही का? रुग्णालय, वीज, बँक यांच्या यंत्रणा सांभाळणाऱ्यांना रविवारी काम करावेच लागते. त्यांना बदली सुट्टी द्या, उपकार म्हणून नव्हे. आणि खालच्या श्रेणीसाठी नाव लिहायची वेळ आली, तर गप्प बसणाऱ्याचे नाव लिहू नका. नऊही जणांनी चांगले काम केले असेल तर तसे लेखी कळवा. ऐकले जाणार नाही कदाचित. मुकादमांचेही ऐकले गेले नव्हते.

नोकरीत नवे असलेल्यांनी निदान त्या हसणाऱ्या अकरा जणांत बारावे होऊ नये. अपमान झालेल्या सहकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत हाक मारावी. एवढ्याला पैसे पडत नाहीत. कायदाही जाणून घ्यावा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे; व्यवस्थापकीय पदावरील माणसे मात्र तिच्या बाहेर राहतात, म्हणून पदाचे नाव वाढते तेव्हा काय कमी होते तेही पाहावे. कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये 2017 पासून कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी तसे खासगी विधेयक 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत मांडले. अशी विधेयके क्वचितच कायदा होतात, पण प्रश्न नोंदला तरी जातो. आणि मन फारच खचले असेल तर लपवू नका. सरकारची 'टेली मानस' ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा आहे. तीवर बोलणे हा विश्वासातील उणेपणा नव्हे.

शेवटी आपण घरची मंडळी. लग्नाच्या बोलण्यात आधी पॅकेज विचारतो ते आपणच. "शेजारच्याचा मुलगा ऑनसाइटला गेला, तू कधी जाणार?" हेही आपणच. मुलगा नोकरी बदलून कमी पगारावर गेला तर आपले तोंड उतरते. फारोचा थोडासा पेंढा आपल्याही घरात साठवलेला आहे. मुलगी रात्री उशिरा थकून आली की पगार कधी होणार हे न विचारता, आज दिवस कसा गेला, एवढे विचारूया. आणि हप्ता कोण भरणार या त्या मुलीच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर म्हणून आमच्या गटाने ठरवले आहे, की खरे बोलल्यामुळे कोणाची नोकरी गेलीच तर नवी लागेपर्यंत त्या घराकडे आपण लक्ष द्यायचे. दरमहा थोडे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. रक्कम लहान आहे.

त्या पावसातील तरुणाचे सांगायचे राहिले. महिनाभराने त्याने एका आठवड्याचे खरे तास भरले. 61. लीडने बोलावून विचारले, "हे काय लिहिलेस? वरून प्रश्न येतील." तो म्हणाला, "येऊ द्या सर. झालेत तेवढेच लिहिलेत." लीड काही वेळ आकड्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बरं, ठेव." पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजारच्या मुलीनेही खरे तास लिहिले. एप्रिलमध्ये श्रेणी जाहीर होतील तेव्हा या दोघांचे काय होईल, आम्हाला माहीत नाही. त्याच्या पत्नीने प्रार्थनेत त्याची आठवण ठेवायला सांगितले आहे. आपणही ठेवावी. आणि त्याच्या लीडचीही.